कार्ड सापडलं नाही

"हात लावला नाही म्हटलं ना एकदा! आता काय, स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?"

चष्मेवाले फोनवर असे काही कडाडले, की समोर अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड करून बसलेल्या गिऱ्हाइकाने दचकून मान वळवली. बँकेतला कॅशियर होता तो. नाकावर तपासणीची जड चौकट, एका डोळ्यावर झाकण. खालच्या ओळीतलं एक अक्षर त्याला धड लागत नव्हतं, आणि आज त्याचं कोणालाच काही पडलं नव्हतं.

"ओरडू नका बाबा," पलीकडून मुलगा म्हणाला. "मी एवढंच विचारतोय, की कॉम्प्युटरचा डबा उघडला होतात का. तुमची पुसापुशीची सवय मला ठाऊक आहे. मी आलो होतो तेव्हा सगळं व्यवस्थित लावून दिलं होतं. नवं सॉफ्टवेअर टाकलं, तुम्हाला त्रास नको म्हणून इथून आत शिरून बघायची सोय केली. आणि आता रोज सकाळी बघतो तर प्रोग्रॅम म्हणतो, ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही. कार्डाला काय पाय फुटले?"

"मग माझ्या खिशात आहे म्हणायचंय का तुला?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"तसंच म्हटलंस! तू तेवढा शहाणा, बाकी सगळे गाढव!"

फोन आपटून चष्मेवाले कॅशियरकडे वळले. "हं, काय दिसतंय?"

"म आहे वाटतं. का भ?"

"अंदाजपंचे नको! दिसत असेल तर दिसतंय म्हणा, नसेल तर नाही म्हणा. तुम्ही खोटं बोलाल, मी खोटी काच देईन, आणि उद्या जिन्यावरून पडाल तेव्हा मला शिव्या द्याल!"

काउंटरवर मेहुणी चौकटी लावत बसली होती. बहीण गेल्यापासून दुकानाचं निम्मं काम तिने अंगावर घेतलं होतं, आणि तोंडाने ती भावोजींना भारी होती. "भावोजी, पोरावरचा राग गिऱ्हाइकावर कशाला? वड्याचं तेल वांग्यावर! ते उठून गेले तर चष्मा काय मी घालू?"

कॅशियर कसनुसं हसला. चष्मेवाले हसले नाहीत. त्यांनी एक काच काढली, दुसरी बसवली आणि गुरगुरत विचारलं, "आता?"

राग कशाचा होता ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. वरच्या खोलीतला पंखा बंद पडला होता. छताचा नव्हे, कॉम्प्युटरच्या पोटातला.

त्यांची बायको टायपिस्ट. तिची बोटं अशी पळायची, की कचेरीतले साहेब सांगता सांगता दमायचे आणि ही पुढच्या वाक्याची वाट बघत बसायची. मग त्या बोटांनाच रोग लागला. नसांचा रोग, औषध नसलेला. आधी बोटं गेली, मग हात, मग आवाज. एक कळ दाबायलाही जड जायला लागलं, तेव्हा तिने कुठूनतरी वाचून काढलं की याच रोगावर काम करणारे संशोधक आपलं डोंगराएवढं गणित तुकडे तुकडे करून जगभरच्या घरांतल्या कॉम्प्युटरना वाटतात. आपला कॉम्प्युटर तो तुकडा सोडवतो आणि परत पाठवतो. कोणी कोणाला काही देत नाही, सगळी हौसेची सेवा. पोरं ज्या कार्डावर गेम खेळतात, तेच कार्ड ही गणितं झपाट्याने सोडवतं म्हणे. तिने हट्टाने चांगलं कार्ड घ्यायला लावलं. आपल्या खुर्चीशेजारी जमिनीवरच डबा ठेवून घेतला.

"माझी बोटं बसली," ती तेव्हा म्हणाली होती. "याची तरी चालू देत."

"त्याला कुठे बोटं असतात, खुळे?" चष्मेवाले म्हणाले होते, आणि मागच्या खोलीत जाऊन तोंड धुऊन आले होते.

ती गेली. डबा चालूच राहिला. तिच्याच नावावर तुकडे येत होते, सुटत होते, जात होते. दुकान बंद करून वर आलं, दार उघडलं, की कार्डाच्या पंख्याची घरघर कानावर यायची आणि घरात माणूस आहे असं वाटायचं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं, आणि मेहुणीने तर जेवणाचा डबा देताना रोज टोमणा मारला असता.

आणि आता घरघर बंद. कॉम्प्युटर चालू, पडद्यावर बायकोचं नाव तसंच, आणि खाली ओळ: वापरण्याजोगं ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही. रोज सकाळी मुलगा आपल्या गावाहून, दोन विमानं बदलावी लागतील इतक्या लांबून, आत शिरायचा. तो शिरला की इथला पडदा कुलूपबंद व्हायचा आणि चष्मेवाले आपल्याच घरात पाहुण्यासारखे हाताची घडी घालून बसायचे. मुलगा तिकडून खुडबुड करायचा, प्रोग्रॅम बंद करून परत सुरू करायचा. उत्तर तेच. मग कामाला पळायचा. प्रोग्रॅम दिवसभर ठोंब्यासारखा बसून.

त्या संध्याकाळी मुलाचा परत फोन आला. मेहुणी जेवणाचा डबा घेऊन वर आली होती, म्हणून तिलाही सगळं ऐकू आलं.

"बाबा, मी विचार केला. ते आता बंदच करू या. कार्ड मेलं असणार. आणि खरं सांगू का, आई गेली. आता ते चाललं काय, न चाललं काय, कोणासाठी?"

चष्मेवाल्यांच्या तोंडून शब्द फुटला तो असा, की मेहुणीने हातातला डबा खाली ठेवला.

"खबरदार! खबरदार त्याला हात लावशील तर! बंद करू म्हणे! तिच्या नावावर चाललंय ते, तुझ्या बापाच्या नाही!"

"माझे बाप तुम्हीच आहात, बाबा."

"असू दे! त्याच्याही नाही!"

मेहुणीला हसू आलं, ते तिने पदरात दाबलं. मुलाला नाही आलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "रोज सकाळी चहा बाजूला ठेवून मी तुमच्यासाठी खपतोय आणि वर शिव्या खातोय. आजपासून मी आत येणार नाही. करा तुमचं तुम्ही."

"करीन!"

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच केलं. दुपारी दुकान मेहुणीवर सोपवून ते वर गेले, कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरने डबा उघडला. हात लावला नाही, हात लावला नाही म्हणून गावभर बोंब मारली होती. आता लावला. कार्ड अलगद उपसलं. काचांवरची धूळ उडवायच्या रबरी फुग्याने एकेक फट फुंकली. पंख्याची पाती पिवळ्या मऊ कापडाने पुसली, एखाद्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा चष्मा पुसावा तशी. कार्ड परत खाचेत दाबलं, तसं ते कट्कन बसलं.

कॉम्प्युटर सुरू झाला. प्रोग्रॅम सुरू झाला. चष्मेवाले नाक पडद्याला टेकेल इतके पुढे वाकले. कार्ड सापडलं, असं लिहून आलं. क्षणभर काहीच नाही, आणि मग खाली, खुर्चीच्या पायाशी, पंखा घरघरला.

चष्मेवाले तिथेच जमिनीवर बसले. डोळे भरून आले, आणि त्याचाही त्यांना रागच आला.

"धूळ!" खाली येऊन त्यांनी मेहुणीला सुनावलं. "नुसती धूळ होती. म्हणे इंजिनिअर! सोंड दिसली नाही आणि म्हणे हत्ती मेला."

"मग सांगा की त्याला फोन करून."

"मी? मी करू फोन? त्याला गरज असेल तर करेल."

त्याला काय गरज होती देव जाणे, पण मेहुणीच्या पोटात गोष्ट राहणं शक्यच नव्हतं. दोन-चार दिवस पंखा सुखाने फिरला. रविवारी सकाळी चष्मेवाले खुर्चीसमोर स्टुलावर चहा पीत बसले होते, तेवढ्यात मुलाचा फोन आला. आवाज मवाळ होता.

"मावशीने सांगितलं. कमाल केलीत तुम्ही, बाबा."

"हं."

"चुकलंच माझं. उगाच तुमच्यावर आळ घेतला. थांबा हं, एक नजर टाकतो, किती तुकडे झाले ते."

चष्मेवाले काही म्हणायच्या आत पडद्यावर कुलूप आलं. आणि पंख्याचा आवाज खाली खाली जात थांबला.

"अरे!" कप स्टुलावर आदळला. "काय केलंस? काय केलंस तू? चांगलं चाललं होतं!"

"मी काहीच नाही केलं, नुसता आत आलो. थांबा, प्रोग्रॅम परत सुरू करतो..."

"नको! काही सुरू करू नकोस! हात काढ आधी!"

पलीकडे खुडबुड थांबली.

"बाबा," मुलगा हळू म्हणाला. "पंखा मी आत आल्या आल्या थांबला?"

"मग काय मी फुंकून विझवला?"

"धूळ नव्हती, बाबा. कार्ड मेलेलंही नव्हतं. मी होतो. मी इथून आत शिरलो, की तो कॉम्प्युटर मला दाखवायला एक नकली पडदा उभा करतो. खरं कार्ड त्या पडद्याच्या मागे राहतं. प्रोग्रॅमला ते दिसत नाही. चाललेलं काम मोडतं. आणि मी शहाणा, काम मोडलं म्हणून रोज प्रोग्रॅम परत सुरू करत होतो, त्याच नकली पडद्यात बसून. मग तो दिवसभर आंधळा. तुम्ही समोर बसून सुरू केलात, म्हणून त्याला कार्ड दिसलं. म्हणजे नीट चाललंय ना हे बघायला मी येत होतो, म्हणूनच ते बंद पडत होतं."

खरं तर आता चष्मेवाल्यांनी टाळी वाजवायची. गाढव कोण ते ठरलं होतं. पण त्यांना जिंकल्याचं काही वाटलंच नाही. कितीतरी दिवस दाबून धरलेलं जुनंच काहीतरी तोंडावर आलं.

"तुझं दुरून बघणं असलंच!" ते म्हणाले. आवाज चिरकत होता. "आईलाही दुरूनच बघितलंस. रोज संध्याकाळी व्हिडिओ फोनवर, 'आई, आज छान दिसतेस.' छान! इकडे तिचा घास मी भरवत होतो, कूस मी बदलत होतो, आणि तुला छान दिसत होती! पुढच्या महिन्यात येतो, सुट्टी मिळाली की येतो. आलास तेव्हा काय उरलं होतं?"

"मला काय दिसत होतं, बाबा?" आता मुलगाही ओरडला. "चेहरा! केस विंचरलेला, पावडर लावलेला चेहरा! हात एकदाही दिसले नाहीत मला. फोन कोण धरत होतं?"

फोन चष्मेवालेच धरत होते. ती डोळ्यांनी खूण करायची, वर, अजून वर. हनुवटीच्या खाली काही दिसता कामा नये.

"तिनेच सांगितलं होतं," ते शेवटी म्हणाले. "त्याची नोकरी नवी आहे, त्याला धावत आणू नका म्हणाली."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं. जन्मभर तिचं एक ऐकलं नाही. ऐकलं ते हेच, नको ते."

मुलगा रडत होता की काय ते नुसत्या आवाजावरून कळेना. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "मी ती दुरून बघायची सोय काढून टाकतो, बाबा. आता तुम्हीच समोर बसायचं." थोड्या वेळाने म्हणाला, "काढली. आता बंद करून परत चालू करा."

चष्मेवाल्यांनी कुलूप उघडलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. बायकोचं नाव आलं. खालची ओळ आली. खुर्चीच्या पायाशी घरघर सुरू झाली.

"सापडलं म्हणतंय."

"मला दाखवाल?"

मुलाचा व्हिडिओ फोन आला. चष्मेवाल्यांनी तो उचलून पडद्यासमोर धरला. सवयीने हात उंच होता.

"पंखा दाखवा, बाबा. खाली धरा."

त्यांनी फोन थोडा खाली घेतला.

"अजून खाली."

फोन तिच्या रिकाम्या खुर्चीच्या हातांपाशी आला आणि तिथे थांबला. दोन्ही हातांवर पट्टे होते, काचा पुसायच्या पिवळ्या मऊ कापडाचे, चष्मेवाल्यांनी स्वतः शिवलेले. तिचे हात घसरून लोंबू नयेत म्हणून ते मनगटाशी बांधत असत. उजवा पट्टा घासून घासून काळा पडला होता. तो त्यांनी अजून सोडवला नव्हता.

मुलाने पलीकडून पंख्याचं नाव काढलं नाही, की परत वर घ्या म्हटलं नाही.

चष्मेवाल्यांचा हात भरून आला, पण त्यांनी फोन तिथेच धरून ठेवला.

"दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय."