चार सेकंदांत होकार

जहाजांच्या जुन्या रोजनिशा वाचणाऱ्यांचं ते मंडळ तीस वर्षं नुसत्या ईमेलवर चाललं होतं. सगळे एकापेक्षा एक हट्टी. कुणा खलाशाने हवामानाच्या नोंदीत इंग्रजी एक लिहिलाय की सात, यावर ही माणसं महिनाभर एकमेकांचं डोकं खात. नियम एकच: वाचणाऱ्याखेरीज आणखी दोघांनी होकार दिला, की वाचन पक्कं.

आता जुना सर्व्हर बंद होणार होता. सगळ्यांना नव्या संकेतस्थळावर नेऊन बसवायचं काम ग्रंथपाल बाईंच्या गळ्यात पडलं, कारण मंडळ त्यांच्या वडिलांनी काढलेलं. महिनाभर बाई म्हाताऱ्या विद्वानांना फोनवरून पासवर्ड बदलायला शिकवत होत्या. एकाने आपला पासवर्ड सगळ्या मंडळाला पाठवून 'बरोबर आहे का?' असं विचारलं. दोघांनी होकारही दिला.

सोमवारी सकाळी वाचनालय उघडताच सर्व्हर सांभाळणाऱ्याचा फोन आला.

"ताई, तुमचे एक सभासद फारच तत्पर आहेत हो. कुठलंही पत्र जाऊ दे, चार सेकंदांत उत्तर हजर. झोपतात कधी?"

"काय उत्तर येतं?" बाईंनी विचारलं, जसं काही माहीतच नव्हतं.

"'पत्र पोचलं. पाहून कळवतो.' आणि तुमचा जुना प्रोग्राम आहे भोळा. वर 'आक्षेप' लिहिलेलं नसेल, तर येईल ते उत्तर होकार म्हणून मोजतो. नावं दाखवत नाही, नुसता आकडा. चार वर्षांतली दोनशे बारा वाचनं दोनांतला एक होकार हाच धरून पक्की झालीत. तशीच हलवू का?"

"संध्याकाळपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या.

ते पोचेचं वाक्य वडिलांचं होतं. चार वर्षांपूर्वी दवाखान्यात, नाकात नळी असताना, त्यांनी ते लेकीला सांगितलं होतं. "लोक वाट बघत बसतील गं. निदान पोच तरी जाऊ दे." तिने खाटेशी बसूनच ते प्रत्येक पत्राला आपोआप जाईल असं लावून दिलं. दोन दिवसांनी ते गेले. मंडळाने शोक कळवला, आणि शोकाच्या प्रत्येक पत्राला पोच गेली. कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ती बंद करायला बाईंचा हात धजला नाही. उलट दर रविवारी त्या स्वतःच बाबांच्या पत्त्यावर दोन ओळी पाठवत. गुडघा दुखतोय, नवी कपाटं आली. चार सेकंदांत बाबा हजर.

बाईंनी दोनशे बारांपैकी एक वाचन उघडलं. बुडालेल्या जहाजाचं शेवटचं पान होतं, वाऱ्याचा जोर 'सात', म्हणजे जवळजवळ वादळ. बाबांनी आधी त्याच खलाशाच्या हातचे दहा 'सात' शेजारी मांडायला लावले असते. बाईंनी मांडले. त्यांतल्या कुठल्याच साताच्या डोक्यावरची रेघ इतकी आखूड नव्हती. तो एक होता. म्हणजे त्या दिवशी समुद्र शांत होता, तरी जहाज बुडालं होतं, आणि का ते चार वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

न पाहता होकार देणाऱ्याला बाबा जन्मभर फाडून खात आले. मेल्यावर त्यांच्याकडून दोनशे बारा वेळा तेच करवून घेतलं गेलं. करवून घेणारी कोण, तर लाडकी लेक. बाईंना स्वतःची शरम वाटली.

नव्या संकेतस्थळावर बाबांच्या नावापुढे 'पुष्टी बाकी' असं दिसत होतं. पासवर्ड बाईंना पाठ होता. एक बटण दाबलं असतं, तर बाबा तिकडेही आले असते, दोनशे बारा वाचनंही आली असती. कुणाला पत्ता लागला नसता.

बाईंनी मंडळाला पत्र लिहिलं. सगळं सांगितलं, रविवारचंसुद्धा. दोनशे बाराही वाचनं पुन्हा उघडू, आधी त्या बुडालेल्या जहाजाचं. आणि पाठवलं.

चार सेकंदांत उत्तर आलं. पत्र पोचलं. पाहून कळवतो. खाली प्रोग्रामने इमानदारीत नोंद केली: होकार एक.

बाईंना हसू फुटलं, आणि मग रडू आवरेना.

डोळे पुसून त्यांनी पोच बंद केली. नंतर सवयीने, सोमवार असूनही, दोन ओळी पाठवल्या. 'बाबा, तो सात नव्हता. एक होता.'

चार सेकंद गेले. मिनिट गेलं. टेबलापाशी कुणीतरी पुस्तक परत करायला ताटकळत होतं, पण बाई पडद्याकडेच बघत राहिल्या. बाबा आता खरंच पाहत असतील, असं त्यांना चार वर्षांत पहिल्यांदा वाटलं.