रेघ आल्याशिवाय भोंगा नाही

“दोन मिनिटांचं काम आहे, साहेब. तुमचा चहा निवायच्या आत नवे रंग दिसतील,” ती म्हणाली आणि तिने एंटर दाबलं.

आलेख काढणाऱ्या लायब्ररीची, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार कोडच्या गठ्ठ्याची, नवी आवृत्ती उतरली, बसली, आणि सगळं यशस्वी झाल्याचं स्वतःच जाहीर करून मोकळी झाली. तिने धरणाच्या पाझराचा आलेख काढणारा प्रोग्रॅम चालवला. आलेखाच्या जागी नुसत्या लाल ओळी आल्या. शेवटच्या ओळीत तक्रार होती: ही लायब्ररी आकडेमोडीच्या लायब्ररीकडे जे मागतेय, ते तिथे नाही.

“हेच का नवे रंग?” साहेबांनी मागे उभं राहून विचारलं.

“इम्पोर्ट एरर आहे. किरकोळ.”

चहा निवला.

उद्या वरचे लोक पाहणीला येणार होते आणि साहेबांना पाझराची रेघ जरा देखणी हवी होती. म्हणून हा उद्योग. एरवी त्या रेघेला कुणी विचारत नसे. मातीच्या बांधातून पाझरणारं पाणी पायथ्याच्या चरातून जाई. चरात मोजपट्टी होती, आणि पट्टीशेजारच्या चौकीत तिचे सासरे बसत. तासाला एकदा ते आकडा फोनवर सांगत. साठच्या वर गेला की दर दहा मिनिटांनी. ऐंशीवर लाल रेघ. ती ओलांडली की भोंगा.

फोन वाजला.

“सूनबाई, एकसष्ट,” सासरे म्हणाले. “आणि डावी चप्पल भिजली. चप्पल लिहू नकोस.”

“बाबा, मघाशी तर बावन्न होतं.”

“मघाशी मी पण कोरडा होतो.”

तिने आकडा टाकला आणि आकडेमोडीची लायब्ररीही नवी केली. त्यावर तिसरीच लायब्ररी रुसली. तिला जुनीच आकडेमोड हवी होती. तिने जुनी परत आणली, तर आलेखवाली म्हणाली, मग मी नाही. घरात दोन जावांचं भांडण मिटवायला जावं आणि दोघींनी मिळून आपल्यावरच घसरावं, तसं चाललं होतं.

“सदुसष्ट,” सासरे म्हणाले. “पाणी गढूळ यायला लागलंय.”

हा आकडा तिने हळू टाकला. नितळ पाझर म्हणजे बांध घाम पुसतोय. गढूळ म्हणजे आतली माती निघालीय. हे तिला सासऱ्यांनीच शिकवलं होतं.

“साहेब, भोंगा वाजवू या. पाणी गढूळ आहे.”

“रेघ दाखवा.”

“रेघच तर येत नाहीये. पण आकडे आहेत ना.”

“आकड्यांचं नाव काढू नका, मॅडम.”

गेल्या वर्षी साहेबांनी नुसत्या आकड्यावर भोंगा वाजवला होता. खालची वस्ती गाद्या डोक्यावर घेऊन टेकाड चढली. न्हाव्याच्या पुढे त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने पळत आलं. मग कळलं, की आकडा चराचा नव्हता, चौकीच्या पाण्याच्या टाकीचा होता. तेव्हापासून साहेबांचा लेखी हुकूम होता: संगणकाने काढलेली रेघ लाल रेघेच्या वर गेलेली दिसल्याशिवाय भोंगा नाही.

तिने पाठकोऱ्या कागदावर पट्टीने आलेख काढला. आकडे मांडले, ठिपके जोडले, वर लाल पेनने रेघ ओढली. साहेबांनी चष्मा लावून तो नीट पाहिला.

“छान आहे. पण हा तुम्ही काढलाय.”

“आकडे तेच आहेत, साहेब.”

“तुमचे सासरे आहेत तिथे. हात थोडा वर जाणारच.”

फोन. “चौऱ्याहत्तर. सूनबाई, खुर्ची टेबलावर ठेवलीय आणि मी खुर्चीवर. राजासारखा दिसतोय.”

“बाबा, तुम्ही निघा. मी सांगतेय ना.”

“भोंगा वाजला?”

“वाजेल.”

“मग निघेन. भोंग्याशिवाय चौकी सोडायची नाही. भिंतीवर लिहिलंय.”

“तुम्हीच लिहिलंय ते.”

“म्हणून तर पंचाईत आहे,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

चौकीवर गाडीने जायचं तर टेकाडाला वळसा घालून पाऊण तास. तेवढ्यात तिला टेबलाच्या खणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद आठवला. तिच्या आधी इथे काम करणाऱ्याने त्यावर प्रत्येक लायब्ररीचा आवृत्ती क्रमांक लिहिला होता आणि खाली खरडलं होतं: हात लावू नये. रुजू झाल्या दिवशी ती त्यावर खूप हसली होती.

आता तिने आहे त्या पसाऱ्याला हात लावला नाही. शेजारी एक नवं, कोरं वातावरण, म्हणजे लायब्रऱ्यांचा वेगळा कप्पा, उघडलं आणि त्यात कागदावरचे क्रमांक एकेक करून, जसेच्या तसे बसवले. साहेब मागे श्वास घेत होते. ते तिला ऐकू येत होतं.

“एक्याऐंशी,” सासरे म्हणाले. या वेळी चपलेबद्दल काही बोलले नाहीत.

तिने आकडा टाकून प्रोग्रॅम चालवला. रेघ आली. तीच जुनी, बटाट्याच्या सालीच्या रंगाची, आणि तिचं टोक लाल रेघेच्या वर.

साहेबांनी बटण दाबलं. कचेरीच्या छपरावरचा भोंगा असा सुटला की खिडकीच्या काचा थरथरल्या. खाली वस्तीत दारं उघडली. गाद्या निघाल्या. न्हावी या वेळी गिऱ्हाइकाच्या पुढे होता.

टेकाडाआडच्या चौकीत छपरावरचा भोंगा ऐकू जात नसे. तिथे खांबावर वेगळा भोंगा होता. तो याच संगणकावरचा दुसरा प्रोग्रॅम वाजवी, आणि चौकीतल्या पडद्यावर तोच आलेखही दाखवी. तिने आपल्या पडद्याकडे पाहिलं. त्या प्रोग्रॅमच्या चौकटीत सात लाल ओळी होत्या. तो अजून मघाशी बिघडवलेल्या पसाऱ्यातच चालत होता.

तिने चौकीला फोन लावला.

“बाबा, भोंगा वाजला. निघा.”

“कुठे वाजला? इथे खांबावर कावळा बसलाय निवांत.”

“तुमचा बिघडलाय. माझ्यामुळे. इकडचा वाजतोय, ऐका.”

तिने खिडकी उघडली आणि फोन बाहेर धरला, हात जाईल तितका लांब. पूर्ण मिनिटभर. दंड भरून आला तरी धरला. मग फोन कानाला लावला. पलीकडे काही नव्हतं. फोन कधीच कटला होता.

“निघाले असतील,” साहेब म्हणाले.

“हो,” ती म्हणाली.

कोऱ्या वातावरणात दुसरा प्रोग्रॅम आणायला तिने घेतला. डोळे मात्र घड्याळावर होते. पुढचा आकडा दहा पन्नासला यायचा होता. तिच्या नोकरीत पहिल्यांदाच तिला तो येऊ नये असं वाटत होतं. अठ्ठेचाळीस झाले. एकोणपन्नास. साहेबांनी निवलेला चहा उचलला आणि परत ठेवला.

दहा पन्नासला फोन वाजला.

“सूनबाई, नव्वद,” सासरे म्हणाले. “मघाशी ‘तुमचा’ म्हणालीस आणि फोन कटला. पुढे काय म्हणत होतीस?”