खडकावरची बॅग

विरेशने कॅमेऱ्याची बॅग खडकावर ठेवली, हात लावून खडक कोरडा असल्याची खात्री केली आणि ट्रायपॉड घेऊन तो किल्ल्याच्या तटाकडे गेला.

सिद्धलिंग वर पायरीवर बसून पाहत होता. दुपारी धाराशिवकडचे अकरा फोटोग्राफर अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीत चालत कुलाबा किल्ल्यात आले होते. परत होडीने जायचं होतं. हा खडक पाचला बुडतो, हे घोडागाडीवाल्याने एकट्या सिद्धलिंगला सांगितलं होतं, कारण एकट्या त्यानेच विचारलं होतं. त्यांच्या मुलखात पाणी खाली जातं, वर चढत नाही.

"अण्णा, चला की. लाइट लई भारी हाय," भूमचा धनाजी म्हणाला.

"व्हा म्होरं. गुडघा धरलाय."

"लग्नात चार चार तास उभं ऱ्हाता की."

"तिथं जेवण असतंय."

सिद्धलिंगचा बेंबळीत स्टुडिओ. विरेश तिथे सात वर्षं शिकला. पहिला धडा, आपली सावली फोटोत येऊ द्यायची नाही. तो धडा सिद्धलिंगने स्वतः एकदाच मोडला होता. बायको राजेश्वरी खळ्यावर करडई पाखडत होती. तिच्या पायाशी त्याने आपली सावली मुद्दाम राहू दिली. त्या दिवाळीआधी ती वारली. तीन वर्षांनी तोच फोटो जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिला आला. शीर्षक, 'शेतकरी महिला'. खाली नाव विरेशचं. सावली कापलेली.

साडेचारला पाणी खडकाच्या कडेला लागलं. सिद्धलिंगला हाक मारता आली असती. उतरून बॅग उचलायलाही वेळ होता. तो उठून उभा राहिला, तिथेच.

पावणेपाचला बॅग हलली, आडवी झाली.

विरेश धावत आला आणि बुटांसकट पाण्यात शिरला. "अण्णा, धरा! कालच्या लग्नाच्या फोटोंची कार्डं हायत त्यात!"

सिद्धलिंगचा पाय पुढे सरकला. लग्न दुसऱ्यांदा लागत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण हातातला कॅमेरा डोळ्यापर्यंत गेला होता. त्याने बटण दाबलं.

विरेश बॅग छातीशी धरून वर आला. तिच्यातून खारं पाणी गळत होतं.

"तुमी हितंच होता."

"व्हय."

"सांगायचं तरी, अण्णा."

"तिचं नाव तरी टाकायचं."

विरेशने मान खाली घातली. होडीत तो दुसऱ्या टोकाला बसला आणि एकेक कार्ड शर्टाला पुसत राहिला.

सिद्धलिंगने फोटो उघडला. मावळतीचं ऊन पाठीशी असल्याने त्याची सावली लांब पडली होती, टोपीसकट, वाकलेल्या विरेशच्या पाठीवर. सावली कापायची तर विरेशही कापावा लागला असता.

धनाजीने मान पुढे केली. "दावा की अण्णा, काय घावलं?"

सिद्धलिंगने लेन्सला झाकण लावलं.