पाचव्याची पावलं

त्र्याऐंशीच्या दिवाळीत केरू बोटीवरून सुटीला आला तेव्हा त्याने बायकोला नायलॉनची साडी आणली, चुलत्याला टॉर्च आणला, आणि स्वतःला आणली रॉक की काय म्हणतात त्या गाण्यांची रेकॉर्ड, जी वाजवायला आमच्या जयगडच्या वाडीत कुणाकडे फोनोच नव्हता. मी शेजारी, चौथी नापास असलो तरी वाडीतल्या प्रत्येकाची खोडी काढायचा मक्ता माझाच. म्हटलं, "केरवा, मुकी सवत आणलीस रे राहीला!"

"धोंडूआबा, गाना ऱ्हाऊ दे. चित्र बगा."

पाहिलं. पाटाएवढं कव्हर. वर नुसतं राखाडी आभाळ, खाली ओली पुळण, आणि मध्ये लांब केसांचे चार गडी आपल्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभे. आमच्या नमन-खेळ्यांच्या जाहिरातीवर मृदंगवाल्याचंसुद्धा थोबाड छापावं लागतं, नाहीतर तो रुसून बसतो. इथे गाणारेच बिनतोंडाचे! रंग म्हणावा असा एकच, क्षितिजावर नखाएवढा तांबडा ठिपका, आणि त्याच्या बरोबर खाली, दुसऱ्या-तिसऱ्या गड्याच्या मधे एका माणसाची जागा मोकळी सोडलेली, म्हणजे बघणाऱ्याची नजर त्या फटीतून थेट पाण्यात जावी. चित्रकार लबाड, माझ्याच जातकुळीचा. पण पुळणीवर पावलं पाच जणांची होती, आणि पाचवी रांग फटीतून समुद्रात गेली होती.

"चौघे हितं, मग पाचवा कुठं गेला?" मी विचारलं.

"मीच आसंन तो," केरू म्हणाला, तशी राहीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

वैशाखात त्याची बोट बुडाली. बरोबरचा एक खलाशी वाचून आला. त्याने केरूला पाण्यात जाताना पाहिलं होतं, वर येताना पाहिलं नव्हतं.

राहीने कुंकू पुसलं नाही. खिळ्यावर टांगलेल्या त्या कव्हरासमोर ती दिवसच्या दिवस बसून असे, चुलीवरचा भात करपला तरी उठत नसे. एका दुपारी तिने मला हाक मारली.

"आबा, टाचा कुनीकडं हायत बगा."

पुळणीवर जन्म गेला माझा, जाणारं पाऊल कुठलं नि येणारं कुठलं हे मी आंधळा झालो तरी बोट फिरवून सांगेन. पाचव्या रांगेची बोटं आमच्याकडे होती.

"आधीपास्नं तशीच आसतील गो."

"नव्हती. तो येतोय, आबा. काल त्या चौघांच्या पल्याडच होता, आज बगा किती अल्याड आलाय."

मी केरूच्या चुलत्याला, रावजीला, सांगायला गेलो. सगळी वाडी म्हणणार की धोंडूनेच खिळ्याने कोरलीत, हे मला ठाऊक होतं, रावजी तेच म्हणाला, वर म्हणाला, "मेलेल्याची तरी मस्करी सोड." त्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, आणि पुतण्या असा अधांतरी असताना मांडव घालायचा कसा? म्हणून दर्भाचा माणूस करून जाळायचं ठरलं.

राही त्याच्या पायाशी बसली. कव्हराच्या खालच्या कडेवर बोटं आडवी ठेवून म्हणाली, "मामंजी, दोन बोटां ऱ्हायलीत हो. दोनच बोटां."

रावजीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. गवताचा केरू बघता बघता जळून गेला, आणि बायांनी राहीच्या बांगड्या फोडल्या.

दहाव्याला दिव्याजवळ तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घालतात, आणि सकाळी त्यात जे पाऊल दिसेल त्या जन्माला मेलेला गेला असं मानतात. आमच्या वाडीत ती पावलं कैक वर्षं माझ्या बोटांनी उमटतात. भल्या माणसाला मी गाय देतो, भांडकुदळाला बेडूक देतो, आणि मागच्या सरपंचाला तर कोंबडी दिली होती. बाया डोळे पुसतात, त्यांचं मन निवतं. केरूला मोर द्यावा म्हणून उजाडताच गेलो. टोपली उचलली. पीठ सपाट होतं. मी बोट पुढे केलं.

"नको, आबा."

राही भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर ते कव्हर. रडत नव्हती.

"हितपातूर आला होता," ती म्हणाली.

मी आधी माझी बोटं पाहिली. कोरडी होती, पीठसुद्धा लागलं नव्हतं. मग कव्हरावर वाकलो.

अगदी खालच्या कडेशी दोन पावलं होती, एकमेकांना जोडलेली, खोल रुतलेली, दारात कुणी बराच वेळ उभं राहिलं की उमटतात तशी. तिथून आमच्याकडे टाचा करून एक नवी रांग त्या फटीतून समुद्राकडे गेली होती, आणि तिच्यातली शेवटची पावलं अजून पाण्याने भरत होती.