पत्रकाच्या पाठीवरची भूमिती

वेलणकर बाई आमच्या शाळेत आल्या तेव्हा मी दहावीत होते. पंचावन्न सालचा जून. परळच्या त्या शाळेत मुलगे खालच्या मजल्यावर बसायचे आणि आम्ही मुली वरच्या. खाली बीजगणित-भूमिती, वर अंकगणित आणि शिवण. असं का, हे कोणी विचारत नसे. खरं सांगायचं तर आम्हालाही ते कधी खटकलं नव्हतं.

बाई गिरगावातून यायच्या. मृणालिनी त्यांचं नाव, वय सत्तावीसच्या आसपास, वडील एका कचेरीत हेडक्लार्क. बी.ए.ला त्यांनी गणित घेतलं होतं, त्यामुळे आम्हाला नफा-तोटा शिकवायला त्यांना चार दिवसांतच कंटाळा आला असावा. पाचव्या दिवशी त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या मिलच्या चिमणीकडे बोट दाखवलं.

"वर न चढता तिची उंची सांगता येईल?"

मागच्या बाकावरून बकुळा कासारे उठली. नायगावच्या चाळीतली, उंच, किडकिडीत, बोलायला जरा फटकळ.

"सावली मोजायची, बाई. पण सावली पडते मिलच्या भिंतीच्या आत, आणि आम्हाला आत कोण सोडणार?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आत न जाता मोजायला शिकू. त्याला भूमिती लागेल, थोडी त्रिकोणमिती लागेल. कोण थांबेल शाळा सुटल्यावर?"

आम्ही सात जणी थांबलो. मी थांबले ते बकुळा थांबली म्हणून, आणि घरी गेलं की पाणी भरावं लागायचं म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाई हेडमास्तरांकडे गेल्या. मी हजेरीपट घेऊन दाराशीच उभी होते, त्यामुळे सगळं ऐकलं. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, पण निकालाच्या टक्क्यांपलीकडे त्यांना काही दिसत नसे.

"तुमचा उत्साह मला कळतो, बाई. पण गेल्या वर्षी आपला निकाल बेचाळीस टक्के. त्यात मुली भूमितीत आपटल्या तर मी संस्थेच्या मंडळाला काय सांगू?"

"तास शाळा सुटल्यावर घेईन."

"घ्या. पण सामान मागू नका. ते मुलांच्या विभागाचं आहे."

सामान म्हणजे खालच्या वर्गातलं काचेचं कपाट. त्यात फळ्यावर वर्तुळं काढायचा हातभर लांब लाकडी कंपास, मोठा गुण्या, कोनमापक, शंकू-गोलांची एक पेटी आणि पुस्तकाच्या चार प्रती. त्या कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात असे.

बाई वर आल्या त्या सुतळीचा तुकडा घेऊनच. एका टोकाला खडू बांधला, दुसरं टोक बकुळाच्या अंगठ्याखाली फळ्यावर दाबून धरायला लावलं आणि खडू फिरवला. "ही त्रिज्या. ताणलेली आहे तोवर सारखी. सैल सोडलीस की वर्तुळ गेलं." बकुळाने अंगठा असा रोवला की नखाखाली रक्त साकळलं. वर्तुळ मात्र गोल आलं.

पण दर वेळी सुतळीने भागेना. माझे वडील बाबुराव मिलच्या विणकाम खात्यात होते. मी घरी रडगाणं गायलं तेव्हा त्यांनी मिलमधून टाकाऊ झालेला एक धोटा मागून आणला. मागावर बाणा, म्हणजे आडवं सूत, घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा, दगडासारखा टणक. तो मी बकुळाच्या घरी नेला, कारण तिचे वडील बुधाजी रिंग खात्यात, सूतकताईला, असले तरी लाकूडकामात त्यांचा हात बसलेला होता. बुधाजींनी धोटा घेतला आणि बराच वेळ नुसता उलटसुलट करून पाहिला.

"तेवीस वर्षं मिलमध्ये आहे," ते म्हणाले, "धोट्याला हात आज लागला."

मला समजलं नाही. बकुळाने वाटेत समजावलं. सूत तुटलं की ते तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावं लागे. त्यांच्या जातीच्या माणसाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे, म्हणून त्यांच्यातल्या कोणाला विणकाम खात्यात घेतच नसत. हे माझे वडील जिथे रोज जात होते तिथलं, आणि मला ते माहीत नव्हतं. घरी येऊन मी त्यांना विचारलं. त्यांनी मान खाली घातली.

बुधाजींनी धोट्याचे दोन उभे भाग करून आठवड्यात कंपास बनवला. पितळेचा खिळा, खडू धरायला पत्र्याचा चाप. कपाटातल्या कंपासाचा पाय लचकायचा, आमचा लचकत नव्हता.

बकुळाच्या आई सुंदराबाई वाइंडिंगला होत्या. त्या फाटके कागदी कोन आणायच्या, ज्यांवर सूत गुंडाळतात ते शंकू. साहेबाला विचारून आणायच्या, लपवून नाही. एकदा गेटवर झडती घेणारीने हटकलं, "हे कशाला गं?" तर म्हणाल्या, "लेकीला घनफळ काढायचंय." ती बाई इतकी गोंधळली की तिने पुढे काही विचारलंच नाही. वेलणकर बाईंनी तो कोन ब्लेडने आडवा कापला, वरचा तुकडा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मोठ्यातून छोटा वजा करा. सूत्र पाठ करू नका, कापलेलं आठवा."

राहिलं पुस्तक. जानेवारीत मुंबई पेटली. गोळीबार, संचारबंदी, शाळा बंद. आमच्या काळाचौकीच्या चाळीत संयुक्त महाराष्ट्राच्या कृती समितीची कचेरी होती. तिथे एका सभेच्या पत्रकांचा गठ्ठा पडून राहिला, कारण सभेआधीच जमावबंदी लागली आणि तारीख फुकट गेली. पत्रकं एका बाजूने छापलेली, दुसरी बाजू कोरी. मी ती विचारून घेतली. शाळा उघडली त्या दिवशी बाई गिरगावातून चालत आल्या. त्यांनी गठ्ठा पाहिला आणि रात्रीचं जेवण मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला. पुढचे आठ महिने त्यांनी प्रमेयामागून प्रमेय त्या कोऱ्या पाठींवर उतरवली. आम्ही नकला केल्या. एका अंगाला "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे", दुसऱ्या अंगाला बाह्यबिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका.

आम्ही अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात, गेलो. नोव्हेंबर संपत आला होता, द्वैभाषिक राज्य होऊन महिनाही झाला नव्हता, आणि एका संध्याकाळी हेडमास्तर जिना चढून आमच्या वर्गात आले. बाकांवर पसरलेली पत्रकं त्यांनी उचलली. कान लाल झाले.

"शाळेत राजकारण?"

"उलटून बघा, सर," बाई म्हणाल्या.

"मी दोन्ही बाजू बघितल्या आहेत."

"एक बाजू म्हणते 'झालाच पाहिजे'. दुसरी म्हणते 'म्हणून सिद्ध झाले'. मला या वर्गात दुसरी हवी आहे. पहिली मी शाळेबाहेर मागेन."

हेडमास्तरांनी एकेक कागद गोळा केला. आठ महिन्यांचं आमचं पुस्तक त्यांच्या काखेत गेलं. तास बंद, असा हुकूम झाला.

तीनच दिवसांनी परीक्षेचे फॉर्म आले. कारकुनाने आधीच भरून ठेवले होते. प्रत्येक मुलीच्या नावापुढे: अंकगणित. खाली फक्त सही करायची.

बकुळाने फॉर्म वाचला, टेबलावर परत ठेवला. "मी सही करणार नाही."

"का?" कारकुनाने विचारलं.

"हा माझा विषय नाही."

मी तिच्या मागे होते. मीही टाक खाली ठेवला. मग उरलेल्या पाच जणींनी. हेडमास्तर बाहेर आले. "उद्या पालकांना घेऊन या. मग बघू."

त्यांना वाटलं असेल, वडील येतील, हात जोडतील, माफी मागून जातील. दुसऱ्या दिवशी मिलची पाळी सुटल्यावर आल्या त्या सुंदराबाई, आणि त्यांच्यामागे वाइंडिंगच्या चौदा बायका. माझी आईही होती त्यात. कासाऱ्यांच्या घरचं पाणी न पिणारी माझी आई सुंदराबाईंच्या शेजारी, मुलांचा आणि मुलींचा मजला जोडणाऱ्या जिन्यावर बसली. जिना भरला. ना कोणाला वर जाता येई, ना खाली.

"हे काय चाललंय?" हेडमास्तर ओरडले.

"बसलोय, मास्तर," सुंदराबाई म्हणाल्या. "दोन वर्षांत मोर्च्यात जाऊन बसायची सवय झालीय. तुमचं चालू द्या."

"अहो, मुली नापास होतील! वर्ष फुकट जाईल!"

"तुमचे पोरगे नापास होतात तेव्हा त्यांना शिवण देता काय?"

जिन्यावर हशा पिकला. हेडमास्तर काही म्हणणार, तोच खालच्या पायरीवरून तात्या मास्तरांचा आवाज आला. ते मुलांना गणित शिकवायचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, तपकिरीची डबी कायम हातात. बायकांमुळे त्यांना वर यायला वाट नव्हती.

"मी पेपर काढतो," ते म्हणाले. "पाच प्रश्न. तीन बरोबर आले तर तिला बीजगणित-भूमितीचा फॉर्म. नाही आले तर अंकगणित. कबूल?"

"पेपर मुलांनाही तोच," वरच्या पायरीवरून वेलणकर बाई म्हणाल्या.

तात्यांनी चिमूटभर तपकीर ओढली. "मुलांनाही तोच."

हेडमास्तरांना जिना मोकळा हवा होता. ते कबूल झाले. तारीख ठरली, सोमवार, दहा डिसेंबर. सुंदराबाई उठता उठता म्हणाल्या, "आणि पोरींचे कागद?" त्यांना ते त्याच पायरीवर परत मिळाले.

सहा डिसेंबरला बाबासाहेब गेले.

सातला मीही वडिलांबरोबर दादरला अंत्ययात्रेला गेले होते. एवढी माणसं आणि एवढं रडणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. गर्दीत बकुळा दिसली नाही. रविवारी मी तिच्या घरी गेले. त्या चाळीत चुली थंड होत्या. बुधाजी भिंतीला टेकून बसले होते, सुंदराबाई त्यांच्या पायाशी. बकुळा कोपऱ्यात, समोर पत्रक, पण डोळे कागदावर नव्हते.

वेलणकर बाईही आल्या. दाराशीच चपला काढून आत येऊन जमिनीवर बसल्या. हळूच म्हणाल्या, "मी तारीख पुढे मागते. तात्या नाही म्हणणार नाहीत."

उत्तर दिलं ते बुधाजींनी, घसा पार बसलेला. "नको, बाई. आज आमच्यासाठी तारीख सरकवतील, आणि जन्मभर सांगतील की सरकवली होती. ती उद्याच बसेल."

बकुळाने पत्रक पुढे ओढलं. "बाई, हे सहावं प्रमेय पुन्हा सांगा."

सोमवारी ती पांढऱ्या साडीत आली, डोळे सुजलेले. तीन तास तिने मान वर केली नाही. मी तीन प्रश्न कसेबसे सोडवले, चौथ्यात अडकले आणि पाचव्याकडे बघितलंही नाही.

तात्यांनी पेपर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर तपासले. हे बाईंनी नंतर सांगितलं. बकुळाच्या पाचव्या उत्तरावर ते थांबले, डबी खाली ठेवली, परत पहिल्या ओळीपासून वाचलं.

"ही रीत पुस्तकात नाही."

"म्हणजे चूक," हेडमास्तर म्हणाले.

"चूक कुठे आहे ते दाखवा. मी दोनदा शोधली."

सात मुलींपैकी पाच जणींचे तीन बरोबर आले. एकतीस मुलांपैकी चौदांचे. हेडमास्तरांनी आमच्या पाच फॉर्मांवर सही केली, पण एकदाही आमच्याकडे बघितलं नाही. उरलेल्या दोघी रडल्या. बाईंनी त्यांना जवळ घेतलं नाही, म्हणाल्या, "अंकगणितात पहिल्या या. आणि पुढे जिथे जाल तिथे हे कागद घेऊन जा."

मार्चमध्ये परीक्षा झाली. निकालाची वाट बघत असताना, एप्रिलच्या शेवटी, बाईंना मंडळाचं पत्र आलं: पुढील वर्षी आपल्या सेवेची आवश्यकता नाही. त्यांनी ते खुर्चीत बसूनच वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि दहावीच्या मुलींचे उरलेले दोन तास घेतले. जूनपासून त्या दादरच्या एका शाळेत लागल्या. तिथे किल्ली कोणाकडे होती, मला माहीत नाही.

बकुळाला भूमिती-बीजगणितात शंभरात एक्क्याऐंशी मिळाले, आमच्या शाळेच्या कुठल्याही मुलापेक्षा जास्त. ती सायन्सला गेली. आणखी तिघी पास झाल्या. पाचवी मी. मला एकोणतीस मिळाले, मी नापास.

हे सांगताना मला लाज वाटत नाही. तेव्हा वाटली होती, आठवडाभर. शेजारणी टोचून बोलल्या. बकुळा आली आणि परीक्षेतली माझी उत्तरं एकेक करून विचारत गेली. "चौथ्यात तू बरोबर चालली होतीस. घाबरून वळलीस." एवढंच म्हणाली.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायला मी एकटी शाळेत गेले. कारकून तोच. त्याने माझे मार्क पाहिले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोरी, हट्ट सोड. अंकगणित लिहितो, डोळे मिटून सुटशील."

वरच्या मजल्यावरून तात्या मास्तरांचा आवाज येत होता. नव्या दहावीतल्या अकरा मुलींनी भूमितीला नावं दिली होती, आणि शिकवायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून म्हातारा रोज जिना चढत होता.

"मी लिहिते," म्हटलं, आणि फॉर्म माझ्याकडे ओढून घेतला.

ऑक्टोबरात मला एक्केचाळीस मिळाले.