रुसलेली बॅटरी

माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या टायरवाल्याच्या बंद गाळ्यापुढे रोज सकाळी रांग लागायची. ड्रिल चालवणारे सुतार, घरोघरी सामान पोचवणारे स्कूटरवाले, सगळे आपापली मेलेली बॅटरी कडेवरच्या लेकरासारखी धरून उभे. आत जाड शाल पांघरून उठवेबाबा बसायचा. चार्जर लावूनही दिवा न लागणारी बॅटरी तो मांडीवर घ्यायचा, तांब्याची वेढणी घातलेले दोन्ही अंगठे तिच्या धातूच्या पट्ट्यांवर दाबायचा आणि डोळे मिटून पुटपुटायचा. मग चेला तीच बॅटरी चार्जरला लावायचा. लाल दिवा लागायचा, माणसं हात जोडायची.

“बॅटरी मरत नाही बाळा, रुसते,” बाबा म्हणायचा. “शक्ती कधी मरते का? मी नुसती समजूत काढतो.”

त्याची स्वतःची बायको रुसून माहेरी बसली होती. तिची समजूत त्याला काढता आली नव्हती, पण रांगेत हे विचारणार कोण?

त्या रांगेत शिवणकाम करणारी एक बाई होती. गल्ली तिला वहिनी म्हणे. तिच्या नवऱ्याची फुप्फुसं रंगाच्या कारखान्यात खराब झाली होती. घरी प्राणवायू देणारं यंत्र होतं, वीज गेली की ते बॅटरीवर चाले. मध्यंतरी त्याला बरं वाटलं म्हणून डॉक्टरांनी यंत्र थांबवलं आणि वहिनीने ते माळ्यावर ठेवलं. आता वहिनीची जन्माची सवय अशी, की भरलेली वस्तू ठेवणीत टाकायची नाही. स्टोव्ह ठेवायचा तर रॉकेल काढून, हंडा ठेवायचा तर पालथा घालून. त्याच शिस्तीने तिने यंत्र बंद पडेपर्यंत चालवलं, बॅटरी पार रिकामी केली आणि फडक्यात गुंडाळून ठेवली. काही महिन्यांनी नवऱ्याचा श्वास पुन्हा लागू लागला. यंत्र विजेवर चाललं, पण बॅटरी चार्ज होईना. चार्जरचा दिवासुद्धा लागेना.

बाबाने ती उठवली. तासाभरात हिरवा दिवा लागला. निघताना त्याने विचारलं, घरात प्राणवायूचा सिलिंडर आहे का? आहे, म्हणाली.

“परत कर. दुसरी सोय म्हणजे शंका. शंकेच्या घरात शक्ती राहत नाही.”

तिने सिलिंडर परत केला.

वहिनीची नणंद शाळेत विज्ञान शिकवायची. तिला कळलं तशी ती धावत आली आणि वहिनीला खूप बोलली. एवढे दिवस रिकामी पडलेली बॅटरी फेकायची असते, नवी मी मागवते, तोवर सिलिंडर परत आण, म्हणाली. वहिनीने ऐकून घेतलं.

“वन्सं, तुम्ही शिकलेल्या,” ती म्हणाली. “पण हिरवा दिवा मलाही दिसतो.”

नवी बॅटरी यायच्या आधीच एका दुपारी वीज गेली. यंत्र बॅटरीवर चालू झालं. वहिनी निर्धास्तपणे बाही जोडत राहिली. बाही जोडून व्हायच्या आत यंत्राने शिट्टी दिली आणि ते थांबलं. शेजाऱ्यांनी रिक्षा आणून नवऱ्याला दवाखान्यात नेलं, पण तोवर त्याचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी आशा आहे असंही म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. वहिनी रडली नाही. बाकड्यावर बसून पदराला चिकटलेले दोरे वेचत राहिली.

दुसऱ्या दिवशी नणंदेने तिला उठवलं आणि हाताला धरून बाबाच्या गाळ्यात नेलं. पिशवीत उशिरा आलेली नवी बॅटरी होती आणि दोन वायरी होत्या.

“महाराज, शाल काढून एक बॅटरी उठवून दाखवा,” नणंद म्हणाली.

शालीत गुरूंचा आशीर्वाद आहे, असं बाबाने सांगितलं. रांगेने माना डोलावल्या. तेव्हा नणंदेने एका सुताराची मेलेली बॅटरी घेतली. वायरींनी ती नव्या बॅटरीला थोडा वेळ जोडली, सोडवली आणि चार्जरला लावली. लाल दिवा लागला.

आता लोकांना कळेल असं तिला वाटलं. तर सुतार वाकून तिच्याच पाया पडला. “बाईंच्याही हातात शक्ती आहे,” मागून कुणीतरी म्हणालं.

नणंद कपाळाला हात लावून उभी राहिली. मग तिने वायरी वहिनीच्या हातात दिल्या. नणंदेने सांगितलं तशा वहिनीने त्या एका स्कूटरवाल्याच्या बॅटरीला लावल्या, काढल्या. पुन्हा लाल दिवा. वहिनी त्या दिव्याकडे बघत राहिली.

“माझ्यात कसली शक्ती?” ती म्हणाली. “माझ्यात काहीच उरलं नाही.”

स्कूटरवाल्याने पुढे होऊन बाबाची शाल ओढली. आत पोटाला बांधलेली बॅटरी होती, दोन वायरी बाह्यांतून अंगठ्यांच्या वेढण्यांपर्यंत गेलेल्या. बाबा गुरूंना हाका मारू लागला. वहिनी त्याच्यासमोर जाऊन बसली.

“सिलिंडर का परत करायला लावलात?” तिने विचारलं.

बाबा शाल पुन्हा पोटावर ओढू लागला.

नणंदेने लोकांना सांगितलं ते असं. लिथियमच्या बॅटरीत एक छोटं सर्किट राखण करतं. बॅटरी फार उतरली की ते दार लावून घेतं. चार्जरला वाटतं, समोर बॅटरीच नाही. मग तो वीज सोडत नाही. दुसऱ्या बॅटरीने जरा ढकललं की दार उघडतं. चमत्कार तो एवढाच. पण फार दिवस रिकामी पडलेली बॅटरी आतून खराब होते. ती पटकन भरल्यासारखी दिसते, हिरवा दिवा दाखवते आणि लगेच उतरते. कधी फुगते, कधी पेट घेते. म्हणून असं ढकलणं घरी करू नये. बॅटरी ठेवायची तर निम्मी भरून ठेवावी, मधूनमधून बघावी, आणि मेलेली दुकानात परत द्यावी.

बॅटरीला मन नसतं, ती रुसत नाही. जो कुणी दुसरी सोय काढून टाकायला सांगतो, त्याला आधी विचारा, का? विचारल्याने कुठलीही खरी विद्या पळून जात नाही. पळते ती खोटी.

वहिनीचा नवरा त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, दवाखान्यात वारला.