मार्तंड सोहोनींची सही

लेसरखालून मार्तंड सोहोनी तीन तुकड्यांत बाहेर पडले. म्हणजे त्यांची पितळी सही.

सहदेव धुरी ट्रेकडे बघतच राहिला. बत्तीस वर्षं बोर्ड करण्यात गेली, आधी ब्रशने, मग मरोळच्या या गाळ्यात माउसने. पण गिऱ्हाईक बाई समोर बसलेली असताना तिचा नवरा असा सुटा झाला नव्हता. मार्तंडरावांना जाऊन तीन महिने झाले होते. मुलुंडच्या नव्या फ्लॅटच्या दारावर त्यांच्याच हातची सही हवी, एवढा एकच हट्ट घेऊन पद्मजाबाई आल्या होत्या.

"काका, परत कंबाइन दाबलंत?" शेजारच्या मशीनवरून सपना ओरडली.

सकाळी तेच झालं होतं. सॉफ्टवेअरमधल्या कंबाइनच्या बटणाने आकार एकत्र येतात, पण रेघेवर रेघ आली की तिथे भोक पडतं. सहीत दुसरं असतं काय? सोहोनींची चाळण झाली होती.

"वेल्डचं बटण दाबलंय गं! दोनदा!"

त्याने स्क्रीनवर सही सोळाशे टक्के मोठी केली, आणि घोळ सापडला. बाईंनी आणलेल्या कागदावर अखंड वाटणाऱ्या रेघेत दोन ठिकाणी फट होती. जे टेकत नाही ते वेल्ड जोडत नाही. वधूवर सूचक मंडळांपेक्षा हे बटण फारच काटेकोर.

"काकू, काकांनी मध्ये दोनदा पेन उचललंय. मी बारीक सांधा काढतो. कुणाला कळायचं नाही."

त्याने काढलेला सांधा पत्र्याला लावलेल्या ठिगळासारखा दिसला. दुसरा त्याहून वाईट.

"असा नाही जात त्यांचा हात," पद्मजाबाई म्हणाल्या. जॉबकार्ड उलटं करून त्यांनी पेन टेकवलं आणि न उचलता, एका दमात, सही केली. शेवटच्या फराट्यासकट.

सहदेवचं तोंड उघडंच राहिलं.

"आईशप्पथ!" सपनाने मशीनच थांबवलं.

"सहा वर्षं करतेय," पद्मजाबाई म्हणाल्या. "त्यांचा उजवा हात गेला तेव्हापासून. चेकवर, अर्जांवर, बिल्डरच्या करारावर. ते शेजारी बसून बघायचे. फराटा आखूड झाला की रागवायचे."

"मग ही?" सहदेवने स्क्रीनकडे बोट केलं.

"ही त्यांची. नव्या घराच्या चाव्या घेताना म्हणाले, आज मी करतो. डाव्या हाताने अर्धा तास लागला. बिल्डरचा माणूस म्हणाला, जुळत नाही. मग दुसऱ्या कागदावर मी केली. हा कागद मी परत मागून घेतला."

"मावशी, तुमचीच कापू या ना," सपना म्हणाली. "एकसंध येईल."

सहदेवला तिचं पटलं होतं. पण त्याने विचारलं, "काकू, कुठली?"

"त्यांची."

"तुकडेच येतील."

"आलेत की."

सहदेवने दोन्ही सांधे डिलीट केले. काळ्या ॲक्रिलिकची पाटी पुसली आणि ट्रेमधला पहिला तुकडा तिच्यावर चिकटवला. दुसरा हातात घेऊन त्याने सवयीने पहिल्याला अगदी भिडवून धरला.

पद्मजाबाईंनी चष्मा लावला.

"जरा लांब घ्या," त्या म्हणाल्या. "इथे ते दम खात होते."